एकोणतिसाव्या संध्याकाळची साक्ष

2024 साली फाल्गुनातली अमावास्या 8 एप्रिलला रात्री 11.50 च्या सुमारास संपली. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या. त्याच गुढीपाडव्याच्या संध्याकाळी भारतातल्या मुसलमानांनी रमजानचा एकोणतिसावा रोजा सोडला आणि मगरिबची नमाज आटोपून लोक गच्च्यांवर चढले. केरळात चंद्र दिसल्याची साक्ष तिथल्या काझींनी मान्य केली आणि 10 एप्रिलला ईद झाली. काश्मीर आणि लडाखमध्येही 10 तारखेलाच ईदची नमाज झाली. मुंबई, दिल्ली, लखनौ, हैदराबाद इथे मात्र तिसावा रोजा धरला गेला आणि ईद 11 एप्रिलला आली. देश एक, चंद्र एक आणि ईदगाहांतल्या नमाजेचे दिवस मात्र दोन.

केरळ मुंबईच्या पश्चिमेला असते, तर हा फरक समजायला सोपा होता. प्रत्यक्षात कोझिकोड मुंबईच्या काहीसे पूर्वेलाच आहे आणि त्या दिवशी तिथे सूर्य मुंबईच्या आधी मावळला. दोन्हीकडे चंद्राचे वय 19 तासांच्या आसपास होते. चंद्राने केरळाला झुकते माप दिलेले नव्हते. कोणी पाहिले, कोणाचे पाहणे ग्राह्य धरले गेले आणि तो निर्णय कोणाला लागू झाला, याच तीन गोष्टींवरून देशाचे दोन भाग झाले. चंद्रदर्शनाच्या मतभेदाची चर्चा बहुधा आकाशाकडे बोट दाखवून होते. त्याचे मूळ मात्र साक्षीच्या शास्त्रात आहे.

हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो. तो 29 दिवसांचा असतो किंवा 30 दिवसांचा. 28 किंवा 31 दिवसांचा कधीच नसतो. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी 29 दिवस 12 तास 44 मिनिटे जातात, म्हणून 29 आणि 30 दिवसांचे महिने साधारण निम्मेनिम्मे पडतात आणि वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे होते. अधिक महिना या पंचांगात नाही. इस्लामपूर्व अरबांत महिने मागेपुढे सारण्याची ‘नसी’ नावाची रीत होती, ती कुराणाने बंद केली. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो.

दिवसाची सुरुवात सूर्यास्ताला होते. दखनी बोलीत गुरुवारला ‘जुमेरात’ म्हणतात, त्या शब्दात हाच हिशेब आहे: गुरुवारचा सूर्य मावळला की जुम्याची रात्र लागली. ‘चाँदरात’ही तशीच. ती रमजानची शेवटची रात्र नसून शव्वाल महिन्याची पहिली रात्र आहे. म्हणून एकोणतिसाव्या संध्याकाळी निर्णय व्हायला उशीर लागला की मोहल्ल्याचा जीव टांगणीला लागतो. इशाच्या नमाजेनंतर तरावीह, म्हणजे रमजानच्या रात्रीची जादा नमाज, पढायची की नाही, हे ठरलेले नसते. मशिदीच्या कोपऱ्यात चादरीच्या आडोशाला शेवटचे दहा दिवस एतेकाफला बसलेली माणसे वळकटी बांधावी की नाही, म्हणून भोंग्याकडे कान लावून असतात. घरातल्या बाईला दूध शीरखुर्म्याच्या हिशेबाने घ्यायचे की सहरीच्या, हे कळत नाही. ईदच्या नमाजेआधी गरिबाच्या हाती पडायला हवा तो फितराही त्या एका घोषणेसाठी खोळंबतो.

महाराष्ट्रातले चांद्रमहिने अमान्त आहेत, म्हणजे ते अमावास्येला संपतात. मराठी महिना आणि हिजरी महिना एकाच अमावास्येभोवती बदलतो. फरक एवढाच की पंचांगाचा महिना अमावास्या संपल्याच्या गणितावर उभा आहे आणि हिजरी महिना डोळ्यांनी पाहण्यावर. ती पहिली कोर मराठी घरांना अनोळखी नाही. ज्या बहिणीला भाऊ नाही ती भाऊबीजेच्या संध्याकाळी चंद्राला ओवाळते. मावळतीच्या तांबूस उजेडात कोर शोधायला किती वेळ लागतो आणि सापडली म्हणेपर्यंत ती कशी झाडांमागे उतरते, हे तिला नेमके ठाऊक असते.

कोर दिसण्याचे गणित तिथीच्या भाषेत सांगितले की मराठी वाचकाला चटकन उमगते. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. हे अंतर सरासरी तासाला अर्धा अंश वाढते. अमावास्या संपते त्या क्षणी चंद्र सूर्याच्याच दिशेला असतो आणि त्याची उजळ बाजू पृथ्वीकडे नसते. अंतर 12 अंश झाले की चंद्र दिसू लागतो, असा ठोकताळा सूर्यसिद्धान्तात आहे. भारतीय सिद्धान्तग्रंथ आठव्या शतकात बगदादला पोचले, त्यांच्याबरोबर हा ठोकताळाही गेला, आणि अल-ख्वारिझ्मीसारख्या गणितज्ञांनी कोर दिसण्याची कोष्टके केली. मुसलमान ज्योतिर्विदांचा हा शतकानुशतकांचा आवडता प्रश्न होता. विसाव्या शतकात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजों यांनी दाखवले की अंतर सुमारे 7 अंशांपेक्षा कमी असेल तर कोर जणू तयारच होत नाही. हल्ली अंतराच्या जोडीला क्षितिजावरची उंची, कोरीची जाडी आणि सूर्यास्तानंतर चंद्र किती वेळ वर राहतो, हेही पाहतात. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या सर्वांत कोवळ्या चंद्राचा नामांकित विक्रम 1990 सालचा, 15 तास 32 मिनिटांचा आहे, आणि तो मुरलेल्या निरीक्षकाचा आहे. गुढीपाडव्याच्या त्या संध्याकाळी अंतर 11 अंशांच्या आसपास होते. प्रतिपदा संपायला दीड तास उरला होता. म्हणजे चंद्र दिसण्याजोगा होता, पण ज्याची हवा स्वच्छ, क्षितिज मोकळे आणि नजर सरावलेली त्यालाच दिसावा, असा. अशाच संध्याकाळी तंटे होतात.

पश्चिमेकडच्या गावांना थोडा लाभ असतो. मक्केचा सूर्य मुंबईनंतर साधारण सव्वादोन तासांनी मावळतो. तेवढ्यात चंद्र आणखी एक अंश पुढे गेलेला असतो. एखाद्या महिन्यात हा एक अंश निर्णायक ठरतो, एखाद्यात दोन्हीकडे एकाच संध्याकाळी कोर दिसायला हरकत नसते. ‘सौदीत आज म्हणजे इथे उद्या’ हे वाक्य भारतात नियमासारखे बोलले जाते. खगोलशास्त्रात तसा नियम नाही.

आता साक्ष. पैगंबरांची शिकवण हदीसांत आहे ती अशी: चंद्र पाहून रोजे धरावेत, चंद्र पाहून सोडावेत, आणि आभाळ भरले असेल तर महिन्याचे तीस दिवस पुरे करावेत. नियम इतका साधा आहे की निरक्षर गुराख्यालाही तो पाळता यावा, आणि तोच त्याचा हेतू आहे. पण चंद्र प्रत्येकाला दिसत नाही. काहींना दिसतो, बाकीचे त्यांच्या शब्दावर विसंबतात. म्हणून शास्त्रकारांनी चंद्रदर्शनाला न्यायालयीन साक्षीच्या चौकटीत बसवले. हनफी या सुन्नी न्यायपरंपरेच्या मतात आभाळ ढगाळ असेल तर रमजान सुरू करायला एका विश्वासू माणसाचा शब्द पुरतो, पण रमजान संपवायला दोन पुरुष किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया लागतात. उपासना सुरू करायला थोडा पुरावा चालतो, ती संपवायला जास्त हवा; या भेदामागे मोठी जाण आहे. आभाळ निरभ्र असेल तर अट उलट कडक होते. मग दोघांनी पाहिले म्हणून भागत नाही, पुष्कळांनी पाहिलेले असावे लागते. स्वच्छ आकाशात हजारोंना जे दिसले नाही ते दोघांनाच कसे दिसले, ही शंका शास्त्रकारांनी आधीच घेऊन ठेवली आहे.

एवढा काटेकोरपणा का, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही. ईदच्या दिवशी रोजा धरणे निषिद्ध आहे, आणि रमजानचा एक रोजा बुडवणे हेही पाप आहे. चंद्र चुकला तर या दोहोंतले एक घडते. चुकीला वाट मात्र ठेवलेली आहे. पैगंबरांच्या हयातीत एकदा दिवस कलल्यावर बाहेरगावचे स्वार आले आणि आदल्या संध्याकाळी चंद्र पाहिल्याचे त्यांनी सांगितले. तेव्हा लोकांना तिथल्या तिथे रोजा सोडायला आणि दुसऱ्या सकाळी ईदगाहावर यायला सांगितले गेले. ईदची नमाज सूर्य वर आल्यापासून माध्यान्हापर्यंतच होते. तिची वेळ टळली तर ती दुसऱ्या दिवशी पढण्याला आधार आहे तो याच घटनेचा.

एका गावातली साक्ष दुसऱ्या गावाला किती बांधते, हा खरा अवघड प्रश्न. त्याची मुळे कुरैब नावाच्या माणसाच्या प्रवासात आहेत. उम्मुल फज़ल यांनी त्याला काही कामासाठी मदिनेहून शामला, म्हणजे सीरियाला, तिथले शासक मुआविया यांच्याकडे पाठवले. तिथे असतानाच रमजान लागला. त्याने जुम्याच्या रात्री, म्हणजे गुरुवारच्या संध्याकाळी, स्वतः चंद्र पाहिला. महिनाअखेर तो मदिनेला परतला तेव्हा इब्न अब्बास यांनी विचारले, चंद्र कधी पाहिलात? त्याने सांगितले. इब्न अब्बास म्हणाले की मदिनेत तो एक दिवस नंतर दिसला, तेव्हा इथले लोक तीस पुरे करतील किंवा चंद्र पाहतील. मुआवियांचे पाहणे पुरेसे नाही का, असे कुरैबने विचारले. त्यांनी नाही म्हटले, आणि पैगंबरांची आज्ञा अशीच आहे असे सांगितले.

सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातल्या या प्रसंगावर तेरा शतके वाद चालू आहे. शाफई परंपरेने त्यातून ‘इख्तिलाफ-ए-मताले’चे तत्त्व घेतले: चंद्र उगवण्याची क्षितिजे वेगळी, म्हणून दूरच्या प्रदेशाचा चंद्र आपल्याला लागू नाही. हनफी, मालिकी आणि हंबली परंपरांतले प्रमुख मत उलट आहे: एकाने पाहिला तर सगळ्यांनी पाहिला. त्यांचे म्हणणे, कुरैब हा एकटाच साक्षीदार होता आणि ईदसाठी एकट्याची साक्ष पुरत नाही, म्हणूनच इब्न अब्बासांनी ती घेतली नाही. कुरैबची कहाणी दोन्ही बाजूंना सारखीच पुरते. भारतात या वाटण्या प्रदेशांनुसार दिसतात. केरळातले मापिळा आणि रत्नागिरी-रायगडातले कोकणी मुसलमान शाफई आहेत, उत्तरेकडचे आणि दख्खनचे बहुसंख्य हनफी. तरी व्यवहारात हनफी विद्वानांनीही अंतराचा विचार सोडलेला नाही. लखनौच्या नदवतुल उलमातल्या ‘मजलिस तहकीकात-ए-शरइय्या’ने 1967 मध्ये ठरवले की भारत, पाकिस्तान आणि नेपाळसारखे लगतचे देश यांचे क्षितिज एकच मानावे, हिजाज आणि इजिप्त मात्र दूरचे.

मग एकच क्षितिज मानूनही केरळ आणि मुंबई वेगळी का पडतात? कारण क्षितिज एक मानणे वेगळे आणि बातमीला साक्ष मानणे वेगळे. जुन्या काळी साक्षीदार पायी किंवा घोड्यावरून येत असे, काझी त्याला समोर बसवून उलटतपासणी घेई: कोर कुठे होती, टोके कुणीकडे होती, शेजारी कोण उभे होते. तार आली आणि ही घडी विस्कटली. तारेतले अक्षर कोणाचे, हे काझीला कळत नाही, म्हणून अहमद रज़ा खान बरेलवी यांच्यासारख्या विद्वानांनी तारेवर ईद करायला ठाम विरोध केला. पुढे टेलिफोन आणि रेडिओ आले तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. हळूहळू मार्ग निघाला तो असा: रेडिओवरची बातमी ही साक्ष नव्हे, पण जबाबदार कमिटीने साक्ष तपासून केलेल्या निर्णयाची ती घोषणा असेल, किंवा अनेक ठिकाणांहून एकच खबर येऊन तिला ‘इस्तिफाज़ा’चे बळ आले असेल, तर ती मानावी. शास्त्राने हट्ट न धरता, पण पुरावाही न सोडता, नव्या यंत्राशी काढलेली ही तोड आहे. तिचे श्रेय मुफ्तींना क्वचितच मिळते.

भारतात चंद्राचा निर्णय सरकार घेत नाही आणि सगळ्या देशाला बांधणारी एक कमिटीही नाही. दिल्लीत जामा मशीद आणि फतेहपुरी मशीद, मुंबईत जामा मशिदीत बसणारी हिलाल कमिटी, लखनौत सुन्नी आणि शिया अशा वेगळ्या चाँद कमिट्या, पाटण्यात इमारत-ए-शरिया, हैदराबादेत तिथली रूयत-ए-हिलाल, म्हणजे चंद्रदर्शन, कमिटी, कोझिकोडमध्ये काझी. एकोणतिसाव्या संध्याकाळी हे सारे एकमेकांना फोन लावत असतात. बहुतेक वर्षी एकमत होते, हे विसरले जाते. 2025 मध्ये 30 मार्चला, पुन्हा गुढीपाडव्यालाच, कोर दिसली आणि केरळासकट देशभर 31 मार्चला ईद झाली. 2020 मध्ये मात्र केरळ आणि जम्मू-काश्मीरमध्ये 24 मेला, इतरत्र बहुतेक ठिकाणी 25 मेला झाली होती.

हे काम सरकारने हाती घेतले की वाद मिटतो, असेही नाही. पाकिस्तानात अयूब खान यांच्या राजवटीत जानेवारी 1967 मध्ये सरकारने जाहीर केलेला ईदचा चंद्र अनेक उलमांनी नाकारला आणि मौलाना मौदूदींसह काहींना तुरुंगात जावे लागले. 1974 मध्ये तिथे केंद्रीय रूयत-ए-हिलाल कमिटी स्थापन झाली. त्यानंतरही पेशावरच्या कासिम अली खान मशिदीत वेगळ्या साक्षी घेतल्या जात आणि खैबर पख्तूनख्वातल्या पुष्कळ गावांत एक दिवस आधी ईद होत असे. साक्ष देणाऱ्याला वाटले पाहिजे की त्याचे ऐकले गेले. ते वाटले नाही तर कायद्याचा शिक्काही अपुरा पडतो.

गणित का मानू नये, हा प्रश्न आजचा नाही. चौदाव्या शतकातले शाफई न्यायाधीश तकीउद्दीन सुबकी यांचे मत होते की गणिताने चंद्र दिसणे अशक्य ठरत असेल तर साक्ष फेटाळावी, कारण साक्षीदार चुकू शकतो. 1939 मध्ये इजिप्तचे हदीसपंडित अहमद मुहम्मद शाकिर त्यापुढे गेले. त्यांचा युक्तिवाद असा की पाहण्याची आज्ञा लिहिता-मोजता न येणाऱ्या समाजाला होती. समाज मोजायला शिकला की मोजण्यावर विसंबावे. तुर्कस्तान 1978 च्या इस्तंबूल परिषदेच्या निकषावर चालतो: अंतर 8 अंश आणि उंची 5 अंश, जगात कुठेही. उत्तर अमेरिकेच्या फिक्ह कौन्सिलने 2006 मध्ये गणित स्वीकारले. इंडोनेशियात मुहम्मदिया संघटनेचा निकष फार सैल होता: सूर्य मावळताना चंद्र क्षितिजाच्या किंचित वर असला तरी पुरे, दिसायलाच हवा असे नाही. सरकारला उंची किमान 3 अंश आणि अंतर 6.4 अंश हवे. त्यामुळे 2023 मध्ये मुहम्मदियाची ईद 21 एप्रिलला आणि सरकारी ईद 22 एप्रिलला झाली. दोन्ही बाजू गणितच करत होत्या! गणित मान्य केले की मतभेद संपतो ही समजूत इंडोनेशियाने खोटी पाडली आहे. पंचांगाच्या बाबतीत महाराष्ट्रालाही हा अनुभव आहे. टिळक पंचांग आणि दाते पंचांग दोन्ही गणिती, पण रत्नागिरीकडे टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांचे सण कधी शेजारच्या घराआधी येतात.

सौदी अरेबियाची रीत वेगळ्याच कारणाने वादाची ठरते. तिथले उम्म अल-कुरा पंचांग कचेऱ्यांच्या कामासाठी आहे; रमजान आणि ईदचा निर्णय सर्वोच्च न्यायालय लोकांच्या साक्षीवर देते. 2025 मध्ये अमावास्या 29 मार्चला भारतीय वेळेनुसार दुपारी साडेचारच्या सुमारास संपली. त्या संध्याकाळी मक्केत सूर्य मावळला तेव्हा चंद्र जेमतेम साडेचार तासांचा आणि सूर्यापासून 3 अंशांच्या आसपास होता, म्हणजे दांजों मर्यादेच्या निम्म्यानेही नाही. तरी साक्ष स्वीकारली गेली आणि 30 मार्चला ईद जाहीर झाली. सुबकींच्या कसोटीवर ती साक्ष टिकणारी नव्हती. जे लाखो लोक सौदीच्या घोषणेवर डोळे मिटून ईद करतात त्यांना हे सांगायला हवे, आणि तेही आदर राखून.

मुंबईत या साऱ्यापासून अलिप्त राहिलेला एक समाज आहे: दाऊदी बोहरा. फातिमी काळापासून चालत आलेले त्यांचे मिसरी पंचांग पूर्ण आकडेमोडीचे आहे. महिने आळीपाळीने 30 आणि 29 दिवसांचे, रमजान कायम 30 दिवसांचा, आणि 30 वर्षांच्या चक्रात 11 वर्षे एकेका दिवसाने मोठी. अशा 30 वर्षांत 10,631 दिवस होतात. त्यामुळे त्यांची ईद बहुधा इतरांच्या एक-दोन दिवस आधी येते, आणि शंभर वर्षांनंतरची तारीखही आज सांगता येते. इस्ना अशरी शियांत प्रश्न मरजाच्या, म्हणजे ज्याचे अनुकरण करायचे त्या ज्येष्ठ धर्मगुरूच्या, मतावर जातो. आयतुल्लाह सिस्तानी आपल्या क्षितिजावर नुसत्या डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह धरतात, आयतुल्लाह खामेनेई यांनी दुर्बिणीतले दर्शन ग्राह्य धरले. त्यामुळे एकाच घरात दोन भावांनी वेगळे मरजा मानले तर ईदही वेगळी येऊ शकते.

बकरी ईदला तणाव कमी असतो, कारण चंद्र दिसल्यावर मधे नऊ दिवस मिळतात. तिथे प्रश्न अरफाच्या रोज्याचा. हाजी अरफातच्या मैदानावर ज्या दिवशी उभे असतात त्याच दिवशी भारतातल्या माणसाने रोजा धरावा की इथल्या नवव्या तारखेला? 2024 मध्ये सौदीत बकरी ईद 16 जूनला होती, भारतात 17 जूनला. इथल्या बहुसंख्य उलमांचे उत्तर स्थानिक नवव्या तारखेच्या बाजूचे आहे. अरफातशी जोडून घेणारेही मोठे विद्वान आहेत.

या सगळ्याचा कस लागतो तो प्रवाशावर. कोकणातल्या कित्येक घरांतला कर्ता मुलगा आखातात असतो आणि ईदला विमानाने घरी येतो. आखातात रमजान एक दिवस आधी लागलेला असेल तर तिथे तीस रोजे पुरे करून तो रत्नागिरीच्या घरी उतरतो, आणि इथे चंद्र दिसलेला नसेल तर अजून एक रोजा बाकी असतो. फतवा सर्वसाधारणपणे असा की माणूस जिथे आहे तिथल्या जमातीबरोबर राहावे. कारण रोजा सगळे धरतात त्या दिवशी आणि ईद सगळे करतात त्या दिवशी, असे तिर्मिज़ीच्या हदीसेत सांगितले आहे. म्हणून तो घरच्यांबरोबर सहरीला उठतो आणि एकतिसावा रोजा धरतो. उलट दिशेने, इथून उशिरा रमजान सुरू करून तिकडे गेलेल्याला अठ्ठावीस रोज्यांवरच ईद गाठू शकते. त्याने ईदची नमाज तिथल्या लोकांबरोबर पढावी आणि ईदनंतर एक रोजा कज़ा करावा, म्हणजे भरून काढावा, कारण हिजरी महिना 28 दिवसांचा असत नाही.